आधी नेव्हीचे पायलट, मग जज: घरातल्या अशा माणसाचं आयुष्य लिहून काढायचं असेल तर

आमचे दादाकाका (वडिलांचे थोरले भाऊ) नेव्हीत विमान उडवायचे आणि नंतर गुजरातमध्ये सेशन्स जज होते. ते गेल्यावर मी त्यांचं आयुष्य लिहून काढलं, १२० पानं झाली, घरच्यांपुरत्या ६० प्रती छापल्या. त्यानंतर बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्याकडे पण आजोबांचे कागद पडलेत, कुठून सुरुवात करायची, कोणाला भेटायचं, म्हणून मी जे केलं ते आणि जे चुकलं तेही सगळं सांगते. तुमच्या घरचा माणूस कदाचित आर्मीत असेल आणि मग मास्तर झाला असेल, तरी बरंचसं हेच कामाला येईल, कारण खरी अडचण एकच असते, आयुष्य मधोमध वळलेलं असतं आणि त्या वळणाचेच कागद सगळ्यात कमी असतात.

पहिलं काम लिहिण्याचं नाहीच, कागद वाचवण्याचं आहे. काकूंचं घर बडोद्याच्या समा भागात, तळमजला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा पलंगाखालची ट्रंक दीड दिवस पाण्यात होती. लॉगबुक वरच्या कपाटात होतं म्हणून वाचलं, पण पत्रं आणि जुन्या डायऱ्या भिजल्या. तेव्हा सगळ्यात आधी आज, आत्ता, जे काही आहे ते जमिनीपासून वर उचला, माळ्यावर नको कारण तिथे गळतं आणि वाळवी लागते, कपाटाच्या मधल्या खणात ठेवा. आणि भिजलंच असेल तर ओली पानं एकमेकांपासून ओढून वेगळी करू नका, फाटतात. उन्हात पण घालू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. पंख्याखाली, मध्ये मध्ये कोरा शोषणारा कागद घालून, दर काही तासांनी तो बदलत राहायचं. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. एका दिवसात सगळं वाळवणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवून द्या, बुरशी थांबते, मग थोडं थोडं काढून वाळवा. आम्ही आइसक्रीम आणि मटार बाहेर काढून काकांची पत्रं फ्रीजरमध्ये ठेवली होती आणि महिनाभरात जवळजवळ सगळी परत वाचता आली.

स्कॅनिंग घरीच करा. मी लॉगबुक एका दुकानात दिलं, सांगितलं होतं की जुनं आहे, जपून, तर त्यांनी मशीनमध्ये पानं सरळ जावीत म्हणून पुस्तकाची शिलाईच कापून टाकली आणि सुटी पानं रबरबँड लावून माझ्या हातात दिली. मी दुकानातच रडले. खिडकीजवळ टेबल, वर फोन धरायचा स्टँड, पान उघडं ठेवायला हलकी काच, बस एवढं पुरतं, सावली पडू द्यायची नाही. फाइलला नाव देताना वर्ष आधी लिहा, मग काय आहे ते, मग पान नंबर, नाहीतर ४०० फोटोंमध्ये तुम्हालाच काही सापडणार नाही.

आता लॉगबुक. पायलटच्या घरी हे असतंच, बहुतेक वेळा मोठ्या आडव्या वहीसारखं, कापडी बांधणीचं. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ: तारीख, विमानाचा टाइप आणि नंबर, पायलट कोण, बरोबर कोण, काम काय, किती वेळ, दिवसा की रात्री. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि स्क्वाड्रनच्या कमांडरची सही. वाचायला घेण्याआधी पहिली चार पानं आणि शेवटची चार पानं बघा, संक्षेप कशाचे आहेत ते तिथे लिहिलेलं असू शकतं. काकांच्या वहीत रात्रीच्या उड्डाणांच्या ओळी लाल शाईत आहेत, हे मला दोन आठवडे कळलंच नाही, मला वाटलं पेन बदललं.

वेळ लिहिण्याची पद्धतही तपासा, १.२० म्हणजे एक तास वीस मिनिटं की एक पूर्णांक वीस शतांश तास, यावर सगळी बेरीज फिरते. साधा उपाय म्हणजे कुठल्याही एका महिन्याच्या ओळी स्वतः बेरीज करून बघायच्या आणि खालच्या सही केलेल्या आकड्याशी जुळतंय का बघायचं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. वहीत जागोजागी ए-डी-डी-एल असं लिहिलेलं होतं, पुढे ६, ८, ५ असे आकडे. मला डेक आणि लँडिंग एवढं कळलं आणि मी ते सगळे आकडे मिळवून लिहून टाकलं की काकांनी विक्रांतवर, म्हणजे नेव्हीच्या तेव्हाच्या जुन्या विमानवाहू जहाजावर, साडेतीनशेच्या वर लँडिंग केली. मसुदा एका रिटायर्ड नेव्ही ऑफिसरना दाखवला, त्यांनी ते वाक्य वाचून चष्मा काढला आणि मला शांतपणे समजावलं की ते म्हणजे जमिनीवरच्या धावपट्टीवर डेकसारख्या खुणा करून केलेली प्रॅक्टिस, जहाजावरची लँडिंग वेगळ्या रकान्यात असतात. त्या रकान्याची बेरीज केली तर आकडा ९४ आला. ९४ हा आकडा लहान नाहीये हे मला तेव्हा कळलं जेव्हा त्यांनी ते काय असतं ते सांगितलं: विक्रांत जेमतेम २१३ मीटर लांब, आणि त्यातलाही उतरायला मिळणारा तिरका पट्टा बराच लहान, जहाज स्वतः पुढे चाललेलं, वर खाली होतंय, विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत अडकला पाहिजे, आरशाच्या यंत्रातला दिवा बघत बघत खाली यायचं, आणि हूक नाही अडकला तर ताबडतोब पूर्ण ताकद देऊन परत वर. तेव्हा जो विषय तुमचा नाही त्यातला एक तरी जाणकार माणूस गाठा आणि छापण्याआधी त्यांना वाचायला द्या, घरच्यांनी वाचून "छान झालंय" म्हटलं तर त्याने चुका सापडत नाहीत.

काका अलिझे उडवायचे. फ्रेंच बनावटीचं, पंख्याचं टर्बोप्रॉप विमान, आत तिघं बसायचे, पोटाखालून रडार बाहेर यायचं, काम पाणबुड्या शोधायचं. स्क्वाड्रन ३१०, टोपणनाव कोब्रा. हे सगळं घरच्या कागदात नव्हतं, कागदात फक्त टाइप आणि नंबर होते, बाकीचं बाहेरून भरायला लागतं. त्यासाठी गोव्याला बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ मध्ये सुरू झालं, तिथे अलिझे आणि सी हॉक (विक्रांतवरचं लढाऊ जेट) दोन्ही प्रत्यक्ष उभी आहेत. जा आणि कॉकपिटच्या बाजूला पाच मिनिटं उभे राहा. मी गेले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की काका सहा फूट उंच आणि ती जागा केवढीशी, आणि काकू म्हणायच्या की गोव्याहून आले की पाठ शेकायला लागायची, ते वाक्य मी तोवर म्हातारपणाची तक्रार समजत होते.

तारखा जुळवायला नौदलाचा अधिकृत इतिहास बघायचा, मोठ्या लायब्ररीत मिळतो. काही तारखा पक्क्या असतात, त्या खुंटीसारख्या वापरायच्या आणि त्यावर घरची गोष्ट टांगायची. नेव्हीचा पहिला विमानतळ आय-एन-एस गरुडा कोचीनला मे १९५३ मध्ये, विक्रांत बेलफास्टला मार्च १९६१ मध्ये नेव्हीत दाखल, आय-एन-एस हंसा दाबोळीला १९६४ मध्ये आलं. काकांची विंग्ज (पायलट झाल्याचा बिल्ला) १९६४ ची, म्हणजे ते नव्या कोऱ्या तळावर पोचलेल्या पहिल्या काही लोकांतले, हे मला दोन तारखा शेजारी ठेवल्यावर दिसलं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यांच्या कमिशनच्या आणि बढतीच्या नोटिफिकेशन भारत सरकारच्या राजपत्रात भाग १ विभाग ४ मध्ये यायच्या, नाव आणि तारीख दोन्ही मिळतं, शोधायला वेळ लागतो पण एकदा मिळालं की त्यावर कोणी वाद घालत नाही. सर्व्हिस रेकॉर्डसाठी नेव्हीला पत्र लिहायचं असेल तर पुतण्या-भाच्यांनी लिहून उपयोग होत नाही असा माझा अनुभव, पत्नी किंवा मुलांच्या सहीने, मृत्यूचा दाखला आणि सर्व्हिस नंबर जोडून पाठवा. सर्व्हिस नंबर पेन्शनच्या कागदावर असतो. आणि लढाईच्या काळातले कागद असतील तर हे माहीत असू द्या की संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की असे रेकॉर्ड साधारण २५ वर्षांनी खुले व्हावेत, त्याचा उल्लेख अर्जात करा.

१९७१ च्या डिसेंबरचं पान मी इथे जरा सविस्तर सांगते, कारण लॉगबुक कसं वाचायचं ते त्यातून समजेल. ४ डिसेंबरला विक्रांतच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले हे इतिहासात आहे. काकांच्या वहीत त्या आठवड्यातल्या ओळी लाल, म्हणजे रात्रीच्या, कामाच्या रकान्यात गावाचं नाव आणि एक शब्द, बस. ना वर्णन ना उद्गार. मग मध्येच १० तारखेला एक ओळ रिकामी सोडलीय, फक्त तारीख. ती ओळ का रिकामी हे मला बाहेरून कळलं: त्या दिवशी पश्चिमेला, कच्छच्या बाजूच्या समुद्रावर, पाकिस्तानच्या स्टारफायटर लढाऊ विमानाने आपलं एक अलिझे पाडलं, आतले तिघंही गेले. काका तेव्हा बंगालच्या उपसागरात होते, त्या विमानाशी त्यांचा प्रत्यक्ष काही संबंध नव्हता, पण अलिझे उडवणारे मोजकेच, सगळे एकमेकांना ओळखायचे. रिकामी ओळ ही सुद्धा नोंद असते. मात्र तिचा अर्थ तुम्ही ठासून सांगू नका. मी पुस्तकात एवढंच लिहिलं की १० तारखेची ओळ रिकामी आहे, आणि त्या दिवशी काय झालं होतं.

आता त्या वळणाबद्दल. घरात सगळे म्हणायचे, "कान गेले म्हणून नेव्ही सोडली." मी पण तेच लिहिणार होते. पण लॉगबुकातलं शेवटचं उड्डाण मार्च १९७२ चं आणि नेव्हीतून सुटल्याचा कागद ऑगस्ट १९७३ चा. मधले १७ महिने एकही ओळ नाही. कुठल्याही गोष्टीला दोन कागद लावा आणि मधलं अंतर मोजा, हा माझा सगळ्यात उपयोगी पडलेला नियम. अंतर सापडलं की मग माणसांकडे जायचं. काकूंना मी सरळ "काकांनी नेव्ही का सोडली" असं विचारलं तर त्यांनी कानच सांगितले, पन्नास वर्षं तेच सांगत आल्या होत्या. मग मी विचारलं, "काकू, ७२ च्या दिवाळीत तुम्ही कुठे होतात?" तर म्हणाल्या, "गोव्यातच की, पण ते ऑफिसात जायचे, उडायला नाही. रात्री झोपायचे नाहीत ना, उठून व्हरांड्यात बसायचे. मी म्हटलं बडोद्याला जाऊ या." वय झालेल्या माणसांना का विचारू नका, कुठे, कोण होतं, काय खाल्लं, पोरं कुठल्या शाळेत होती असं विचारा, बाकीचं आपोआप येतं. फोनवर रेकॉर्ड करा पण आधी सांगून, आणि एका वेळी पाऊण तासाच्या वर नको, थकतात आणि मग तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो ला हो म्हणायला लागतात. कानाचा मेडिकलचा कागद पण पुढे मिळाला, तोही खराच होता. मी दोन्ही लिहिलं, कुठलं कारण मोठं ते ठरवलं नाही.

पुस्तकाची सुरुवात मी जन्मापासून न करता इथूनच केली, ऑगस्ट १९७३, ३३ वर्षांचा माणूस बायको आणि दोन मुलं घेऊन बडोदा स्टेशनवर उतरतो, दांडिया बाजारच्या वाड्यात भावाकडे एका खोलीत राहतो आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात एल-एल-बीच्या पहिल्या वर्षाला नाव घालतो. माझं मत असं की बहुतेक लोक चुकतात ते इथे. विमान आहे, लढाई आहे, मग काळा कोट आणि लाल दिव्याची गाडी आहे, तर मधली दहा वर्षं दोन ओळीत उरकतात. "नंतर त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं." अहो, ते शिक्षण कोणाच्या पैशाने घेतलं? काकू शिवणकाम करायच्या, आमची आजी सकाळी दोन्ही घरांचा स्वयंपाक करायची, आणि काका वर्गात आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसायचे. याचे पुरावे फीच्या पावत्या, वाण्याची उधारीची वही, मुलांच्या शाळेचे दाखले असे असतात, लोक हेच कागद रद्दीत घालतात. घालू नका.

आणि याच काळातला एक कागद मला मिळाला ज्याच्यासाठी सगळं केल्याचं सार्थक झालं. काकांची वकिलीची पहिली डायरी, १९७६ ची. वकिलाची डायरी म्हणजे तारखा आणि पक्षकारांची नावं एवढंच असतं. काकांनी प्रत्येक पानावर पट्टीने उभ्या रेघा मारून रकाने केलेत: तारीख, केस नंबर, कोणासमोर, बरोबर कोण सिनियर, काम काय, आणि शेवटी वेळ, तास आणि मिनिटं. महिन्याच्या शेवटी बेरीज. पहिल्या महिन्याची बेरीज ३ तास ४० मिनिटं, म्हणजे महिनाभरात प्रत्यक्ष कोर्टासमोर तेवढंच उभं राहायला मिळालं. बेरजेच्या खाली उजवीकडे, लॉगबुकात जिथे कमांडरची सही असते तिथे, एक कोरी रेघ ओढलेली. सही कोणाचीच नाही.

दोन करिअर असलेल्या माणसाबद्दल लिहिताना सगळ्यांनाच ते दोन तुकडे जोडायची घाई होते, पायलटची शिस्त कोर्टात कामाला आली, आकाशातून बघणारा माणूस तटस्थ न्याय देतो, असली वाक्यं कोणीही लिहू शकतं आणि ती कोणाच्याही बाबतीत खरी वाटतात, म्हणून ती लिहू नका. कागदावर जोड दिसत असेल तर तो कागद छापा. मी लॉगबुकाचं शेवटचं पान डावीकडे आणि डायरीचं पहिलं पान उजवीकडे असं समोरासमोर छापलं आणि खाली फक्त तारखा दिल्या.

परक्याचं आयुष्य बघितलं की हे जास्त कळतं म्हणून मी सरावाला एक अमेरिकन जज घेतले होते, रॉजर विन्सन. त्यांची माहिती सार्वजनिक आहे, तिथल्या फेडरल जजेसची शिक्षण-नोकरीची यादी सरकारी साइटवर तारखांसकट असते. जन्म १९४०, आमच्या काकांच्याच वर्षीचा. १९६२ मध्ये नेव्हल अकॅडमीतून बाहेर, १९६८ पर्यंत नेव्हीत वैमानिक, १९७१ मध्ये कायद्याची पदवी, मग पेन्साकोलात वकिली, १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी जज नेमलं. जानेवारी २०११ मध्ये ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा घटनेविरुद्ध आहे असा निकाल त्यांनी दिला, तो निकाल पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने टिकू दिला नाही, आणि २०१३ मध्ये लाखो लोकांच्या फोनच्या नोंदी सरकारला द्यायचा जो गुप्त आदेश जगभर गाजला त्यावर सही त्यांचीच होती. आता एवढं मिळाल्यावर लिहिणारा लगेच पायलट आणि निकाल यांची मोट बांधायला बसेल. मला मात्र दोन बारीक गोष्टी जास्त बोलक्या वाटल्या. पेन्साकोला हे तेच गाव जिथे अमेरिकन नेव्ही १९१४ पासून आपले वैमानिक तयार करते, म्हणजे हा माणूस विमान सोडून त्याच गावात वकिली करायला बसला. आणि त्यांना कॅमेलियाच्या फुलझाडांचा नाद होता, इतका की ते अमेरिकेतल्या कॅमेलियावाल्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. तुमच्या माणसाची अशी तिसरी गोष्ट शोधा, जी ना पहिल्या नोकरीत बसते ना दुसऱ्या. आमच्या काकांचं म्हणाल तर रेडिओ दुरुस्त करणं, पालनपूर असो की भुज, बंगल्यावर आठवड्यातून एकदा पट्टेवाल्यांचे, शेजाऱ्यांचे बिघडलेले ट्रान्झिस्टर यायचे.

जज म्हणून जे आयुष्य आहे ते लिहायला वेगळीच पद्धत लागते. काका १९८४ मध्ये थेट जिल्हा न्यायाधीशांच्या भरतीतून आले, घटनेच्या २३३ कलमात त्यासाठी सात वर्षं वकिली लागते, म्हणून १९७६ ते ८४. सगळ्यात आधी एक तक्ता करा, कुठल्या गावी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. बदलीच्या ऑर्डर घरी नसतील तर मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा, जजच्या मुलांच्या शाळा बापाच्या बदलीबरोबर बदलतात, आम्ही निम्मा तक्ता त्यावरून भरला.

तक्ता का लागतो ते सांगते. खालच्या कोर्टाचे ८०-९० च्या दशकातले निकाल ऑनलाइन मिळतील ही आशा सोडा, ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या सरकारी साइटवर) नव्या केस असतात. पण त्यांच्या निकालावर हायकोर्टात अपील झालं असेल तर हायकोर्टाचा निकाल मिळतो, आणि त्याच्या पहिल्या परिच्छेदात असतं की अमुक गावच्या ॲडिशनल सेशन्स जजनी सेशन्स केस नंबर अमुक मध्ये अमुक तारखेला दिलेल्या निकालाविरुद्ध हे अपील आहे. जजचं नाव बहुतेक नसतंच. गाव आणि तारीख असते. तुमचा तक्ता घ्या, गाव आणि वर्ष टाकून शोधा, तारीख त्यांच्या काळात बसते का बघा. गुजरातचे जुने निकाल जी-एल-आर (गुजरात लॉ रिपोर्टर) आणि जी-एल-एच (गुजरात लॉ हेराल्ड) या निकाल छापणाऱ्या रिपोर्टरांच्या बांधीव खंडांत आहेत, वकिलांच्या बार रूमच्या लायब्ररीत मिळतात, ओळखीच्या वकिलांना घेऊन जा. मला असे ११ निकाल मिळाले. त्यातले ४ हायकोर्टाने फिरवले होते. घरात कुणीतरी म्हणालं ते कशाला लिहायचं. मी लिहिलं, चारही. अपिलात निकाल फिरणं ही जजच्या कामातली रोजची गोष्ट आहे, आणि एका ठिकाणी हायकोर्टाने निकाल फिरवताना पुराव्याची मांडणी मात्र खालच्या कोर्टाचीच जशीच्या तशी घेतलीय, हे फक्त दोन्ही वाचल्यावर दिसतं.

मूळ निकालाची नक्कल हवी असेल तर त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. माहितीचा अधिकार वापरायला जाऊ नका, गुजरात हायकोर्टाच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय की कोर्टाच्या फाइलची प्रत कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनी मागायची, आणि तुम्ही पक्षकार नसाल तर का पाहिजे ते प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. केस नंबर आणि निकालाची तारीख दोन्ही हातात असल्याशिवाय जाऊ नका. आणि जुन्या फाइली ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात, तेव्हा उशीर नको. तिथे रोजनामा (केसमध्ये त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) मागाल तर कदाचित कळणार नाही, आपल्याकडे गुजरातमध्ये त्याला रोजकाम म्हणतात, आणि निशाणीला, म्हणजे फाइलमधल्या कागदाच्या नंबराला, आंक. कागद गुजरातीत येतील. आमच्यासारख्या बडोद्याच्या मराठी घरात गुजराती बोलता येतं पण हाताने लिहिलेली कोर्टाची गुजराती वाचणं वेगळं, मी एका निवृत्त शिरस्तेदारांकडे चार रविवार बसले, चहा आणि शेव-उसळ घेऊन, ते वाचायचे आणि मी लिहून घ्यायची.

नावांचं भान ठेवा. बलात्काराच्या केसमधल्या पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे, निकाल कितीही जुना असला तरी, आणि अल्पवयीन आरोपींचीही तशीच. मी तर एकाही पक्षकाराचं नाव दिलं नाही, खुनाच्या केसमध्येसुद्धा नाही, कारण पालनपूरसारख्या गावात नातवंडं राहतात. गाव, वर्ष, भांडण कशावरून, पुरावा काय, निकाल काय, एवढ्याने काम होतं. जजच्या खाजगी वहीत साक्षीदारांबद्दल स्वतःची मतं लिहिलेली असू शकतात, काकांच्या होती, ती मी वाचली आणि परत ठेवली.

बडोद्यात असाल तर न्यायमंदिरात जाऊन या, कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला गेलंय पण सूरसागर तलावासमोरची ती १८९६ ची इमारत उभी आहे. काकांनी वकिलीची आठ वर्षं तिथे काढली. मी बाहेरून पायऱ्यांवर बसून त्यांच्या डायरीतला एक महिना वाचला, १९७७ चा जुलै, त्यात वेळेच्या रकान्यात पाच ठिकाणी शून्य आहे आणि कामाच्या रकान्यात "मुदत" एवढंच, म्हणजे सकाळपासून बसले आणि पुढची तारीख पडली. हे वाचताना मला ती व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या माणसाची आकृती आणि ही, दोन्ही एकदम दिसल्या आणि तिथेच ते प्रकरण डोक्यात तयार झालं, म्हणून सांगते, जागेवर जा.

भुजचं एक राहिलं. १९९१ ते ९४ काका भुजला होते. त्या वर्षांच्या डायरीत डिसेंबरच्या १० तारखेला तिन्ही वर्षी एकच शब्द आहे, जखौ. कच्छच्या किनाऱ्यावरचं बंदर, भुजहून जायला-यायला दिवस जातो. कोर्टाचं काही काम त्या तारखांना नव्हतं, मी रजेचे कागद बघितले, तिन्ही रजा आहेत. काकूंना विचारलं तर म्हणाल्या ड्रायव्हरला न घेता स्वतः गाडी घेऊन जायचे, संध्याकाळी परत यायचे, बोलायचे नाहीत काही, जेवायचे नेहमीसारखे. मी पुस्तकात तीन तारखा आणि गावाचं नाव दिलं.

छपाई रावपुऱ्यात केली, फोटोंची पानं जाड कागदावर, बाकी साधी. प्रत्येक फोटोखाली मूळ कागद कोणाकडे आहे ते लिहा, वीस वर्षांनी कोणी शोधेल तेव्हा लागेल. एक प्रत बडोद्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत दिली, एक बार रूममध्ये, एक गोव्याच्या म्युझियमला पोस्टाने. मूळ लॉगबुक कापलेल्या पानांसकट तसंच ठेवलंय, परत शिवून घेतलं नाही, पातळ सुती कापडात गुंडाळून पहिल्या मजल्यावर माझ्या कपाटात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्याच्या आधी बदलते.